रंगात मी चुकतो

गुरुवारी पोट दुखणाऱ्या एका मुलाची ही हकीकत आहे. त्याच्या आजोबांच्या अनुमतीने ती सांगतो आहे. ओळख पटेल असे तपशील मात्र बदलले आहेत. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक जण आजी-आजोबा आहेत किंवा घरातील वडीलधाऱ्यांची आणि लहानग्यांची काळजी वाहणारे आहेत. या हकीकतीत त्या मुलाइतकाच वाटा एका आजोबांचा आहे आणि थोडा माझ्या चुकीचाही आहे, म्हणून ती आपल्यापुढे ठेवावीशी वाटली.

सावंतवाडीच्या परिसरात माझा दवाखाना आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत शिकणारा. वडील नोकरीनिमित्त गोव्यात, आई इथल्याच एका कार्यालयात कामाला. त्यामुळे मुलाचे शाळेत नेणे-आणणे, जेवणखाण, अभ्यास हे सारे आईच्या वडिलांकडे. आजोबा एसटीतून लेखनिक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ. नातवाचा हात धरून ते पहिल्यांदा आले तेव्हा तक्रार एवढीच होती की, सकाळपासून बेंबीभोवती दुखते. मी तपासले. पोट मऊ, ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत. जंताचे औषध लिहून दिले. आठवड्याने ते पुन्हा आले. मी लघवी तपासून घेतली. तीत काही निघाले नाही. पचनाचे एक औषध दिले. त्यानंतरच्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा आले, तेव्हा कुठे केसपेपरवरील तारखांकडे माझे लक्ष गेले. तिन्ही वार गुरुवार होते.

लहान मुलाचे पोट ठरावीक वारी दुखत असेल, तर डॉक्टरने पोटाआधी शाळेचे वेळापत्रक विचारावे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी दोनदा औषध लिहिले, ही माझी चूक.

“गुरुवारी शाळेत काय असतं रे?” मी विचारले.

“चित्रकला,” तो म्हणाला. इतर मुले ‘इंजेक्शन’ हा शब्द ज्या स्वरात उच्चारतात, त्या स्वरात.

मला नवल वाटले. गणिताला भिणारी मुले मी पाहिली होती, चित्रकलेला भिणारे पाहिले नव्हते. बाहेर गर्दी नव्हती. औषध कंपनीच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक पान फाडून त्याची कोरी बाजू मी त्याच्यापुढे ठेवली आणि खिशातले निळे बॉलपेन दिले. पाच मिनिटांत त्याने एक माड काढला. खोड किंचित कललेले, त्यावर वाढीच्या आडव्या वळ्या, झावळ्यांच्या दोन्ही अंगांना सुटी सुटी पाती, आणि मधोमध दाटीने लगडलेले नारळ. सहा वर्षांच्या मुलाने इतके निरखून काढलेले झाड मी क्वचितच पाहिले असेल. माझ्या नातीसाठी घेतलेली रंगीत पेन्सिलींची पेटी टेबलाच्या खणात होती. ती काढून मी म्हटले, “आता रंगव बघू.”

त्याने हात मागे घेतला. “रंग नको. रंगात मी चुकतो.”

वाहन परवान्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी लागते म्हणून माझ्याकडे इशिहारा यांचे तपासणीपुस्तक आहे. शिनोबू इशिहारा हे जपानी नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९१७ साली ही चाचणी प्रसिद्ध केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचे एक वर्तुळ असते, आणि त्यातील काही ठिपक्यांच्या रंगछटेतून एक अंक उमटतो. पहिले पान सर्वांनाच वाचता येते, तिथे १२ असतो. तो त्याने चटकन सांगितला. दुसऱ्या पानावर मला ८ दिसतो. त्याने बोट ठेवले आणि सांगितले, “तीन.”

मी पान उलटण्यापूर्वीच शेजारच्या खुर्चीतून हलका आवाज आला.

“डॉक्टरांनू, माका पण तीनच दिसता.”

पुढची काही मिनिटे मी नुसते ऐकत होतो. विशीत असताना आजोबांनी रेल्वेत भरतीसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा पार पडली. मुंबईत वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवर नापास झाले. कोणत्या कारणाने, हे त्यांना एका वाक्यात सांगितले गेले. त्याचा अर्थ कोणी समजावून दिला नाही. ‘आंधळेपणा’ एवढाच शब्द त्यांच्या मनात राहिला. घरी येऊन त्यांनी सांगितले की, जागा भरल्या. लग्नाच्या वेळी बोलले नाहीत, मुलगी झाल्यावर बोलले नाहीत. “पन्नास वर्सां झाली, कोणाक सांगूक नाय,” ते म्हणाले.

त्यांना खरी बोच निराळीच होती. गेल्या महिन्यात नातवाने गृहपाठाचे चित्र त्यांच्याच शेजारी बसून रंगवले होते. आजोबांनी पाहिले आणि ‘छान’ म्हणाले. त्यांना ते खरोखरच छान दिसले होते. दुसऱ्या दिवशी वही परत आली ती लाल फुली घेऊनच. पाने तपकिरी होती, खोड हिरवे होते, आणि खाली ‘लक्ष देत नाही’ असा शेरा होता. आई रागावली. मुलाने त्यानंतर आजोबांना चित्र दाखवणे बंद केले. आपण खोटे बोललो असे नातवाला वाटले असेल, या विचाराने त्या गृहस्थांची झोप उडाली होती. तरी आपल्याला आणि त्याला एकच गोष्ट असेल, हे पुस्तकातील ते पान समोर येईपर्यंत त्यांच्या मनात आले नव्हते.

यातील शास्त्र थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी लाल किंवा हिरव्या रंगाशी संबंधित पेशींत जन्मतः वेगळेपण असेल, तर तांबडा-हिरवा, हिरवा-तपकिरी, निळा-जांभळा अशा जोड्यांत गल्लत होते. याला रंगांधत्व म्हणतात. पण हा शब्द दिशाभूल करणारा आहे. या माणसांना रंग दिसतात, फक्त काही रंगांमधला फरक त्यांना पुरेसा जाणवत नाही. हा दोष ‘एक्स’ गुणसूत्रावरून येतो. वडिलांचे ते गुणसूत्र प्रत्येक मुलीकडे जाते. मुलीला स्वतःला सहसा काही होत नाही, कारण आईकडून आलेले दुसरे गुणसूत्र तिला सांभाळून घेते. पण तिच्या प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. आजोबांकडून मुलीच्या वाटेने नातवाकडे, असा त्याचा प्रवास. म्हणून हा पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि स्त्रियांमध्ये क्वचित. जन्मजात प्रकारावर औषध नाही, पण तो वाढत नाही आणि त्याने दृष्टी जात नाही. रेल्वेगाडी किंवा विमान चालवण्यासारखी मोजकी कामे सोडली, तर आयुष्यात अडावे असे त्यात फारसे काही नाही.

हे सारे मी आजोबांना सांगितले. “म्हणजे माझा दोष नव्हता?” त्यांनी विचारले. नव्हता. नातवाचाही नव्हता, आणि पाने तपकिरी रंगवली म्हणून शेरा मारणाऱ्या बाईंचाही सर्वस्वी नव्हता. पन्नास मुलांच्या वर्गात एकाच्या डोळ्यांचा विचार कोणाला सुचावा? पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात राहिला आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या चित्राला फुली मुळात मारावीच का? लहान मुलांना चित्रकला शिकवतो म्हणजे आपण नेमके काय शिकवतो?

आपल्या पिढीने शाळेत काढलेले चित्र आठवून पाहा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून रुंद होत जाणारी नदी, काठाला एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात जा, हेच चित्र. फळ्यावरचे चित्र वहीत हुबेहूब उतरवणे म्हणजे चित्रकला, अशी आपली समजूत झाली. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देणाऱ्यांना शिस्त आणि सराव यांचा निश्चितच लाभ झाला. पण त्या परीक्षा मोठ्या मुलांच्या. तीन ते आठ वर्षांच्या मुलाचे चित्र ही वेगळीच गोष्ट आहे. आपण पाहिलेले, अनुभवलेले जग ते मूल त्यात आपल्याला सांगत असते.

डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी काही दिसते. जन्माच्या वेळी मनगटातील आठही छोटी हाडे कूर्चेच्या रूपात असतात. क्ष-किरणाच्या चित्रात त्यातले एकही उमटत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत त्यांतील बहुतेक हळूहळू पक्की होतात. हात असा घडत असतानाच दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरून रेघोट्या ओढते. दोनच्या सुमारास ते पाहून उभी रेघ काढते, तीनच्या सुमारास गोल, चारच्या आसपास अधिकचे चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन, आणि मग त्रिकोण. प्रत्येक आकारामागे खांदा, कोपर, मनगट, बोटे आणि डोळे यांचा एकेक नवा करार असतो. या पायऱ्या पार करण्यापूर्वी ‘अ आ इ’ गिरवायला लावणे म्हणजे पाया घालण्याआधी छप्पर चढवणे होय. तीन-चार वर्षांचे मूल डोक्यातूनच हातपाय फुटलेला माणूस काढते. ते चुकलेले नसते. माणसात त्याला महत्त्वाचे जे वाटते, तोंड, डोळे, धावणारे पाय, तेवढे त्याने काढलेले असते. पोट आणि मान पुढे आपोआप येतात.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला नेलेले बालशिक्षणाचे काम आपल्याला माहीत असेल. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतून मुलांचे हात आणि डोळे तयार करण्याची रीत त्यांनी रुजवली. त्याच परिसरातील वारली चित्रकला पाहा. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. त्रिकोण, गोल आणि रेघ. एवढ्या भांडवलावर जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगभर पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हिरवा आणि तपकिरी यांत गल्लत करणाऱ्या आमच्या मुलाचे या चित्रांत काय अडले असते?

त्याच्या आजोबांना मी तेच सांगितले. पुढच्या रविवारी ते नातवाला घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. तिथल्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथीची जुनी चित्रे आणि कळसूत्री बाहुल्या दोघांनी पाहिल्या. येताना गेरूचा खडा विकत घेतला. परसातील चिऱ्याची भिंत आजीच्या परवानगीने सारवून दिली, आणि महिनाभर दोघे तिच्यावर पिठाने चित्रे काढत होते. माझ्या चिठ्ठीवरून वर्गातील बाईंनीही समजून घेतले. प्रत्येक तेलखडूच्या कागदावर रंगाचे नाव लिहिलेली पेटी मुलाने शाळेत न्यायची आणि रंगावर शेरा द्यायचा नाही, असे ठरले. नावे त्याच्या आईने लिहिली. तिच्या वडिलांनी पन्नास वर्षे दडवलेली गोष्ट तिला याच निमित्ताने कळली. ती रागावली नाही. बराच वेळ गप्प राहून तिने एवढेच विचारले, “तरी तुम्ही माझ्या साड्यांना कायम ‘छान’च म्हणायचात ते यामुळे?” आजोबांनी मला हे हसत सांगितले, ते हसताना मी प्रथमच पाहिले.

गुरुवारची पोटदुखी पुन्हा आली नाही.

आता आपल्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. नातवंडाला चित्र काढू देण्यासाठी स्वतःला चित्र काढता येण्याची गरज नाही. पाठकोरे कागद, जाड मेणखडू, पाटी-पेन्सिल, शाडूची माती, कणकेचा गोळा, ओल्या बोटाने अंगणातील फरशीवर काढलेली रेघ, एवढे पुरे. घराच्या रंगकामातून उरलेला तैलरंग मुलांच्या हाती देऊ नका. तीन वर्षांखालील मुलाजवळ मणी, बिया, टोपणे ठेवू नका; ती श्वासनलिकेत अडकतात. मूल चित्र घेऊन आले की “हे काय काढलंस?” असे विचारण्याऐवजी “सांग बघू, इथं काय चाललंय?” असे विचारा. पहिल्या प्रश्नात परीक्षा आहे, दुसऱ्यात गोष्ट. ते सांगेल ते ऐका, हवे तर चित्राखाली त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मागे तारीख घाला. रेघ सुधारून देऊ नका. शेजारच्या मुलाच्या चित्राशी तुलना करू नका. रंग भरण्याची तयार पुस्तके अधूनमधून चालतील; पण रेघेच्या आत रंग भरणे हा कोऱ्या कागदाला पर्याय नव्हे.

कोणी सांगेल की, चित्रे काढल्याने गणितात गुण वाढतात, बुद्धी तल्लख होते. अशा आश्वासनांवर विसंबू नका. हाताचे वळण, निरखून पाहण्याची सवय, एका जागी रमण्याची शक्ती आणि जे बोलता येत नाही ते मांडण्याची वाट, एवढे मिळाले तरी बालपणासाठी ते पुष्कळ आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला एका तासापेक्षा अधिक काळ पडद्यापुढे बसू नये आणि दोन वर्षांखालील मुलाने बसूच नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण मोबाइल नुसता काढून घेऊन चालत नाही, त्या हातात दुसरे काही द्यावे लागते. खडू हे त्यातले सर्वांत स्वस्त उत्तर आहे.

चित्र काढणाऱ्या मुलाकडे पाहता पाहता प्रकृतीच्या काही खुणाही कळतात. कागद नाकाशी नेऊन काढत असेल, एक डोळा मिटत असेल, मान सतत एका बाजूला कलती ठेवत असेल, तर डोळे तपासून घ्या. आळशी डोळा लहानपणी ध्यानात आला तर उपचारांना चांगले यश येते. वर्षाच्या आतले मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा वापरायला टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पुढे ते डावखुरे निघाले, तर मात्र हात बदलायला लावू नका. येणारी रेघ अचानक येईनाशी झाली, तर थांबू नका. आणि रंगांची गल्लत वारंवार होत असेल, तर रागावण्यापूर्वी रंगदृष्टीची तपासणी करा. अंक न येणाऱ्या मुलांसाठी त्या पुस्तकात वळणावळणाच्या रेषांची पानेही असतात. मात्र मुलाने काळा रंग वापरला म्हणजे ते दुःखी आहे, असले निदान घरी करू नये. कदाचित पेटीत तेवढाच खडू अखंड उरलेला असेल.

एक सूचना आपल्या स्वतःसाठी. जन्मापासूनचे रंगांधत्व वेगळे आणि उतारवयात रंग नव्याने फिके, पिवळट दिसू लागणे वेगळे. मोतीबिंदूमुळे असे होते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनाही हा त्रास झाला आणि १९२३ साली त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल हे औषध घेत असताना लाल-हिरव्यातील फरक कळेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

आणि शक्य असेल, तर नातवंडाशेजारी बसून आपणही रेघा ओढाव्यात. विस्मरणाचा संशय असलेल्या ज्येष्ठाला आम्ही घड्याळाची तबकडी काढायला सांगतो. गोल, त्यात बारा आकडे आणि दोन काटे. तिसऱ्या वर्षी जो गोल हाताला साधतो, त्याच्याकडे वैद्यकशास्त्र सत्तरीनंतर पुन्हा वळते. थरथरणारा हात किंवा पक्षाघातातून सावरणारी बोटे चार वर्षांच्या मुलाच्या शेजारी लाजत नाहीत, कारण तिथे कोणाचीच रेघ सरळ नसते.

तो मुलगा आता तिसरीत आहे. गेल्या महिन्यात सर्दीसाठी आला तेव्हा त्याने मला एक चित्र दिले. तोच माड, पण या वेळी रंगवलेला. झावळ्या तपकिरी होत्या. खडूंवर नावे लिहिलेली आहेत, त्याला आता वाचताही येते, म्हणून मी सहज विचारले, “हिरवा सापडला नाही का?”

“सापडला ना,” तो म्हणाला. “पण शाळेत काढतो तो हिरवा. हा मला दिसतो तसा काढलाय.”

आजोबांनी चष्मा पुसून चित्र जवळ धरले आणि मान डोलावली. ते चित्र मी दवाखान्यात, वजनकाट्याच्या वर लावले आहे.